अंटार्क्टिकाच्या जहाजावरून किनाऱ्यावर उतरणं : आर्वीकडच्या एका पोल्ट्रीवालीचा अनुभव

अंटार्क्टिकाच्या सहलीबद्दल जे लिहिलेलं सापडतं त्यात खोली केवढी, बाल्कनी आहे का, जेवणात किती प्रकार, हेच जास्त असतं. पैसे भरायच्या आधी मी ते सगळं वाचून काढलं, पण मला जे पाहिजे होतं ते कुठं नीट मिळालं नाही. जहाज तिथं पोचल्यावर माणसाला जमिनीवर उतरवतात कसं, किती वेळ राहू देतात, साठीच्या बाईला ते झेपतं का, एवढंच मला पाहिजे होतं. म्हणून मी लिहिते आहे ते फक्त उतरण्याबद्दल. कंपनीचं नाव टाकत नाही. तिकडं प्रवासी नेणाऱ्या बहुतेक कंपन्या आयएएटीओ नावाच्या एकाच संघटनेच्या सभासद आहेत. 1991 पासूनची ही संघटना, आणि किनाऱ्यावर कसं वागायचं याचे नियम तिच्या सगळ्या सभासदांना सारखे.

माझं मत आधीच सांगते. या सहलीचे पैसे वसूल होतात ते किनाऱ्यावर, आणि किनारा तसा राहिला आहे तो तिथल्या कडक शिस्तीमुळे. ज्यांना शिस्तीची कटकट वाटते त्यांनी एवढा खर्च करू नये.

आर्वी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आणि अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. बाग आमचे हे बघतात, शेड माझ्याकडे. मुलगा बाहेर देशात नोकरीला असतो, निम्मा खर्च त्यानं उचलला, तरी दोघांचे मिळून वीस लाखांच्या घरात गेले. नातेवाईक म्हणाले, एवढ्यात दोन एकर वावर आलं असतं. आलं असतं, खरं आहे. पण पेंग्विन बघायची माझी इच्छा फार जुनी होती. आयुष्य पाखरांत गेलं, तर जगातलं हे एक पाखरू जवळून बघावं असं मला मनापासून वाटत होतं.

नागपूर, मुंबई, मग अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स, तिथून विमानानं त्याच देशाच्या दक्षिण टोकाचं उशुआया. उशुआयाच्या धक्क्यावरून जहाज निघतं, बीगल खाडीतून बाहेर पडतं आणि मग ड्रेक पॅसेज लागतो, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळलेला समुद्र. तो ओलांडायला साधारण दोन दिवस. उलटीच्या गोळ्या जहाज हलायच्या आधी घ्यायच्या असतात, नंतर घेऊन उपयोग नाही. ड्रेकबद्दल एवढं पुरे.

त्याच ड्रेकमध्ये एका दुपारी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. ही बैठक सक्तीची. जो बसत नाही त्याला उतरू देत नाहीत. तिथं नियम सांगितले. कोणत्याही जागी एका वेळी शंभराच्या वर प्रवासी उतरवायचे नाहीत. वीस प्रवाशांमागं निदान एक वाटाड्या असलाच पाहिजे. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. खाण्याचं काही न्यायचं नाही, पाण्याची बाटली तेवढी चालते. दगड, पीस, हाड, काहीही उचलायचं नाही. आणि ज्या जहाजात पाचशेच्या वर प्रवासी आहेत त्यांनी कोणालाच उतरवायचं नाही, नुसतं जहाजावरून दाखवायचं. हे शेवटचं वाक्य ज्यांना बुकिंग करायचं आहे त्यांनी दोनदा वाचावं. स्वस्तातल्या मोठ्या जहाजांच्या जाहिरातीत अंटार्क्टिका लिहिलेलं असतं, पण पाय टेकणार की नाही ते लिहिलेलं नसतं.

बैठकीनंतर प्रत्येक मजल्यावरच्या लोकांना पाळीपाळीनं कपडे घेऊन बोलावलं. बाहेरून घालायचं जाकीट, पँट, टोपी, हातमोजे, कॅमेऱ्याची बॅग, चालायच्या काठ्या, सगळं टेबलावर मांडायचं. तिथं व्हॅक्यूम क्लीनर, टॉर्च, ब्रश आणि चिमटे घेऊन जहाजावरची पोरं बसली होती. खिसे उलटे करून झटकले. वेल्क्रोच्या पट्टीत जो बारीक कचरा अडकतो तो एक मुलगी टॉर्च धरून चिमट्यानं एकेक काढत होती. यांच्या बॅगेच्या तळाच्या शिवणीत तिला एक कुसळ सापडलं. बोटभर लांब, टोक काळं, पीळ पडलेला. आमच्या धुऱ्यावरचंच ते. नागपूर, मुंबई, ब्युनोस आयर्स, उशुआया, सगळीकडून ते शिवणीत बसून आलं होतं.

हे मला म्हणाले, "एवढ्याशा कुसळाले बर्फात काय उगवायचं आहे वो?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला विचारलं. तिनं हातातलं काम थांबवून सांगितलं. साऱ्या अंटार्क्टिकात फुलं येणारी मूळची झाडं दोनच जातींची, एक गवत आणि एक उशीसारखं वाढणारं बुटकं झाड. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या स्टेशनजवळ पोआ अॅन्युआ नावाचं बाहेरचं गवत रुजलं, आणि ते उपटून काढण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली आहेत. हे मी यांना मराठीत सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. गाजरगवत आमच्या बागेत दरवर्षी मजूर लावून काढावं लागतं, तेही बाहेरच्याच मुलखातून आलेलं. बाहेरचं बी एकदा पडलं की काय होतं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्यानंतर प्रत्येक उतरणीआधी ते स्वतःच बॅगेची शिवण उलटून बघायचे.

मग बूट. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट कंपनी वापरायला देते. स्वतःचे कितीही महागाचे ट्रेकिंगचे बूट असले तरी ते खाली चालत नाहीत. जहाजाच्या खालच्या दारापाशी ब्रशांची रांग आणि गुलाबी औषधाचं टाकं. उतरताना त्यात पाय बुडवायचे, परत आल्यावर बुटाच्या तळाच्या खाचांतली घाण ब्रशनं काढायची, पुन्हा बुडवायचे. दारावरचा माणूस तळवा उलटून बघतो आणि मगच आत सोडतो. मी औषधाचं नाव विचारलं. व्हिरकॉन. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! हेच औषध आमच्या शेडच्या दारातल्या टाक्यात असतं. अंड्यांची गाडी घेऊन येणारे पोट्टे त्यात पाय बुडवायला नेहमी कंटाळा करतात आणि माझे रोजचे दोन शब्द त्यांच्यासाठी ठरलेले असतात. इथं अमेरिकेचे, जर्मनीचे, चीनचे बडे लोक निमूट रांग लावून बूट घासत होते.

काही प्रवासी कुरकुर करत होते तेही लिहिलं पाहिजे. त्यांची मोठी तक्रार एकाच नियमावर होती. किनाऱ्यावर खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, आडवं होऊन फोटो काढायचा नाही, बॅगसुद्धा खाली ठेवायची नाही. जमिनीला लागेल तो फक्त बूट. हा नियम बर्ड फ्लूमुळं आला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण अटलांटिक समुद्रातल्या साऊथ जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर तो रोग सापडला आणि 2024 च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. ज्यांनी हा रोग नुसता बातम्यांत वाचला त्यांना नियम जाचक वाटत असेल. 2006 साली नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आमच्या शेडमधलं एकही पाखरू आजारी नव्हतं, तरी आमची अंडी कोणी फुकट घेईना. आणि आत्ता आत्ता, 2025 च्या सुरुवातीला, आमच्या नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याचं पेपरात वाचलं तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नाही. कोंबड्यांचं शेड बंद करता येतं, चुना मारता येतो. पेंग्विनच्या वस्तीला कोण चुना मारणार? तिथं माणसाचा बूट स्वच्छ ठेवणं एवढाच इलाज माणसाच्या हातात आहे. त्यामुळं या कामात जहाजावरच्या लोकांना मी पैकीच्या पैकी गुण देते. थकलेल्या संध्याकाळी, शेवटच्या बोटीतून आलेल्या शेवटच्या माणसाचाही बूट त्यांनी तेवढ्याच बारकाईनं बघितला.

आता प्रत्यक्ष उतरणं. जहाज किनाऱ्याला लागत नाही, तिथं धक्काच नाही. जहाज लांब उभं राहतं आणि रबरी बोटींतून नेतात. त्यांना झोडियाक म्हणतात. एका बोटीत आठ-दहा माणसं, चालवणारा मागं इंजिनापाशी उभा. आधी वाटाडे पुढं जातात, बर्फ तपासतात, कुठून चालायचं तिथं काठ्या-झेंडे रोवतात, आणि अचानक हवा बिघडून कोणी किनाऱ्यावर अडकलंच तर म्हणून तंबू आणि खाण्यापिण्याचं सामान भरलेली पिंपं उतरवून ठेवतात. हे झाल्यावरच प्रवाशांना हाक येते. दारावर कार्ड दाखवायचं, यंत्र वाजतं, म्हणजे अमुक माणूस जहाजाबाहेर आहे याची नोंद झाली. परत आल्यावर पुन्हा वाजतं. कोणी मागं राहायची भीती त्यामुळं राहत नाही.

खरी परीक्षा बोटीत पाय टाकायची. जहाज एका लयीत हलतं, बोट दुसऱ्या. कधी बोट दारापर्यंत वर येते, कधी हातभर खाली जाते. मी दारात उभी, अंगावर थर्मल, त्यावर लोकरी, त्यावर जाकीट, त्यावर फुगणारं लाइफ जॅकेट. खाली उभ्या खलाशानं हात पुढं केला. पंजात पंजा द्यायचा नसतो. त्यानं आपला हात मनगटाच्या वर धरायचा, आपण त्याचा तसाच धरायचा. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणून कॅमेरा, काठी सगळं आधीच बॅगेत. तो म्हणाला, थांबा. बोट खाली गेली. थांबा. बोट वर आली आणि तो म्हणाला, आता. एक पाय बोटीच्या फुगीर कडेवर, दुसरा आत, आणि लगेच खाली बसायचं. बसल्या बसल्याच कडेवरून सरकत पुढं जायचं, उभं राहायचं नाही. एवढंच असतं ते. माझ्या डाव्या गुडघ्यात दुखणं आहे, तरी मला एकदाही असं वाटलं नाही की हे लोक मला घाई करताहेत. माझ्यामागं एक ऐंशीच्या पुढच्या बाई होत्या, त्यांच्यासाठी खलाशानं पाच-सहा लाटा जाऊ दिल्या. रांगेतलं कोणी बोललं नाही.

किनाऱ्याला बोटीचं नाक लागलं की पाय बाहेर वळवायचे आणि पाण्यातच उतरायचं. पाणी नडगीपर्यंत येतं, गमबूट म्हणूनच. पँट बुटाच्या बाहेरून पाहिजे, आत खोचली तर लाटेचं पाणी सरळ बुटात.

आमचं जहाज दोनशेच्या आतलं, म्हणजे निम्मे लोक किनाऱ्यावर आणि निम्मे बोटीतून हिमनगांत फिरायला, मग अदलाबदल. जहाज निवडताना हाही हिशेब धरावा. शंभराच्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात आणि जास्त वेळ मिळतो, पण भाडं तेवढंच चढतं.

नेको हार्बरबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. बेटं पुष्कळ बघितली, पण नेको हार्बर हा खंडाचा, मुख्य भूमीचा किनारा. व्हेल मारणाऱ्या एका जुन्या जहाजाचं नाव त्याला मिळालेलं. समोर अवाढव्य हिमनदी, तिचे कडे तुटून खाडीत पडतात आणि त्याची लाट किनाऱ्यावर चढते. म्हणून उतरल्या उतरल्या वाटाड्या ओरडून सांगत होता, पाण्याजवळ थांबू नका, वर चला, फोटो वर. आम्ही वर असतानाच एक कडा पडला. आवाज आधी नाही, आधी पांढरा धुरळा दिसला, मग गडगडाट, मग खाली किनाऱ्यावर पाणी आत घुसताना दिसलं. पाच मिनिटांपूर्वी आम्ही जिथं उभे होतो तिथले गोटे त्या पाण्याखाली गेले. तो वाटाड्या का ओरडत होता ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

तिथं जेंटू जातीच्या पेंग्विनची वस्ती आहे. नारिंगी चोच, डोळ्यांवरून डोक्यावर गेलेली पांढरी पट्टी. बर्फात त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटा पडलेल्या असतात, पायानं खोल झालेल्या. त्या वाटेवर माणसानं पाय ठेवायचा नाही, आडवी ओलांडायची तर आधी दोन्हीकडं बघायचं, कोणी येत असेल तर थांबायचं. मऊ बर्फात चालताना माणसाचा पाय मांडीपर्यंत जातो आणि खड्डा पडतो, तो तिथल्या तिथं बर्फानं बुजवायचा, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. यांचा पाय दोनदा असा गेला आणि दोन्ही वेळा ते थांबून बुटानं बर्फ ढकलत खड्डा भरत राहिले. मागचे लोक थांबले, कोणाला काही वाटलं नाही.

वास येतो. खूप येतो, वारा आपल्याकडं असला की डोळ्यांत पाणी येतं. कितीतरी जण नाक धरून उभे होते. मला त्या वासात दोन गोष्टी वेगवेगळ्या कळत होत्या, अमोनिया आणि मासळी. अमोनिया आमच्या शेडमध्ये पावसाळ्यात लिटर, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, ओलं झालं की येतो तोच. विष्ठा गुलाबी, क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवामुळं. हिरवट दिसली तर पाखरू उपाशी असू शकतं, असं एका वाटाड्यानं सांगितलं, आणि मी मान डोलावली, कारण आम्हीसुद्धा सकाळी शेडमध्ये गेल्यावर आधी विष्ठाच बघतो.

घरटं म्हणजे नुसते गोटे. गोल रचलेले, मधे खळगा. जेंटू दोन अंडी घालते, साधारण 35 दिवस आई-बाप पाळीपाळीनं उबवतात. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा पिल्लं निघालेली होती. एका घरट्यासमोर पाच मीटरवर मी उभी राहिले आणि उतरण्याचा जवळजवळ सगळा वेळ तिथंच घालवला. दोन पिल्लं, राखाडी लव, एक ठसठशीत, एक जरा मागं पडलेलं. बाप की आई ते ओळखू येत नाही, पण जे मोठं पाखरू समुद्रावरून परत आलं त्याच्या पोटावर अजून पाणी होतं. दोन्ही पिल्लं त्याच्या चोचीवर टकाटक चोच मारू लागली. त्यानं मान खाली घातली, गळ्याकडं एक लाट आल्यासारखी झाली, चोच उघडली आणि मोठ्या पिल्लानं आपलं डोकं पार डोळ्यांपर्यंत आत घातलं. बाहेर काढलं तेव्हा चोचीला गुलाबी लगदा लागलेला. त्यानं पुन्हा घातलं. धाकट्याची पाळी येईना.

आमच्याकडं एका दिवसाची कोंबडीची पिल्लं आली की पहिल्या रात्री मी प्रत्येक खोक्यातली काही पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपते. भरलेली आणि मऊ लागली म्हणजे पिल्लानं खाल्लं, पाणी प्यालं. रिकामी लागली तर त्याला वेगळं काढते, चोच पाण्यात बुडवते. ते धाकटं पिल्लू बघून माझे हात अक्षरशः शिवशिवले. पण हात खिशातच ठेवायचे होते. शेवटी मोठं पिल्लू पोट भरून लवंडलं, तेव्हा धाकट्यानं चोच मारली आणि त्याला मिळालं. दोनदा मिळालं. मी यांना म्हटलं, "घेतलं बाप्पा त्यानं." ते म्हणाले, "तू कवाची श्वास धरून उभी आहे."

त्याच दिवशी वरच्या बाजूला स्कुआ नावाच्या तपकिरी पाखरानं दुसऱ्या घरट्यातलं पिल्लू उचललं. शेडजवळ घार आली, मुंगूस आलं, की दगड घेऊन धावायची माझी जन्माची सवय. इथं वाटाड्या शांतपणे म्हणाला, आपण मधे पडत नाही, तिच्याही घरट्यात पिल्लं आहेत. मला ते पटायला वेळ लागला. रात्री जहाजावर आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो.

डिसेप्शन आयलंड वेगळंच. ज्वालामुखीच्या तोंडात समुद्राचं पाणी शिरलेलं, आणि नेपच्यून्स बेलोज नावाच्या अरुंद खिंडीतून जहाज थेट आत जातं. आत काळी वाळू, आणि पाण्याच्या काठानं वाफा. तिथं 1912 ते 1931 नॉर्वेच्या कंपनीचा व्हेलचं तेल काढायचा कारखाना होता. गंजलेल्या मोठमोठ्या टाक्या आणि बॉयलर अजून तसेच उभे आहेत. 1969 च्या उद्रेकात वितळलेल्या बर्फाचा चिखल आला आणि कामगारांचं कबरस्तान त्याखाली गेलं. इथं चालणं सोपं, सपाट आहे, गुडघेदुखीवाल्यांनी बिनधास्त उतरावं. हे तिथं माझ्यापेक्षा जास्त रमले, टाक्यांच्या रिबेटा मोजत होते.

पोर्ट लॉकरॉयला एका छोट्या बेटावर ब्रिटनचं 1944 सालचं जुनं ठाणं आहे, आता तिथं छोटं संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस. बेटाचा एक भाग प्रवाशांना कायमचा बंद ठेवलेला आहे, माणसांच्या येण्यानं पेंग्विनवर काय परिणाम होतो ते दोन्ही भागांची तुलना करून कळावं म्हणून. हे मला फार आवडलं. आमच्या मागं शेड सांभाळणाऱ्या बाईंना मी तिथून पत्र टाकलं. ते फॉकलंड आणि ब्रिटनमार्गे फिरून येतं, त्यामुळं आपण आधी घरी पोचतो, पत्र नंतर.

गावात परत आल्यावर बहुतेकांनी एकच विचारलं, आपल्या भारताचं स्टेशन पाहिलं का? नाही. मैत्री आणि भारती ही आपली दोन्ही स्टेशनं खंडाच्या पूर्वेकडच्या बाजूला आहेत, उशुआयाहून निघणारी जहाजं ज्या द्वीपकल्पावर जातात तिथून ती फार लांब. समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकावर उतरली आणि 1983 मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला. तो करार 1959 चा, बारा देशांनी केलेला. जहाजावरच्या व्याख्यानात कराराबद्दल सांगितलं तेव्हा भारताचा उल्लेख आला नाही, मग यांनी हात वर करून तो स्वतः सांगितला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता तक्रारी. नागपूरच्या ज्या एजंटाकडून आम्ही बुकिंग केलं त्यानं छातीठोक सांगितलं होतं, रोज दोन उतरण्या, नक्की. असं नक्की कोणी सांगूच शकत नाही. पीटरमन बेटावर आम्ही कपडे घालून, बूट बुडवून तयार होतो आणि वारा वाढला म्हणून मोहिमेच्या प्रमुखानं उतरणं रद्द केलं. तो निर्णय बरोबरच होता, खिडकीतून लाटा दिसत होत्या. पण एजंटानं आधी खरं सांगितलं असतं तर कितीतरी लोकांचा चडफडाट झाला नसता. जहाजाची म्हणून तक्रार अशी, की सूचना फक्त इंग्रजीत आणि फार भराभर. जीवावर बेतणाऱ्या गोष्टी, म्हणजे हिमनदीजवळ कुठं थांबायचं नाही वगैरे, चित्रांसकट छापील कागदावर हातात दिल्या पाहिजेत. मी एका वाटाड्याला तसं म्हटलं तर त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी हातानं नकाशा काढून आणला. माणसं चांगली, पण ही सोय सगळ्यांसाठी पाहिजे. तिसरं, गमबूट. लहान नंबरचे बूट कमी होते, मला एक नंबर मोठा मिळाला आणि दोन जोड मोजे घालावे लागले. फॉर्म भरताना नंबर दिलेला होता, तरी.

किनाऱ्यावर संडास-बाथरूमची सोय नाही आणि आडोशाला जायची परवानगीही नाही. आमच्या वयाच्या बायकांनी हे आधीपासून धरून चालावं. उतरायच्या दोन तास आधी मी चहा बंद करत असे. तरीही गरज पडली तर संकोच करू नये, बोटी सतत ये-जा करत असतात, वाटाड्याला सांगितलं की पुढच्या बोटीत बसवून परत नेतात. मी एकदा गेले, कोणी काही विचारलं नाही.

बुकिंगच्या आधी एजंटाला चार गोष्टी लेखी विचारा. जहाजात एकूण प्रवासी किती. कंपनी आयएएटीओची सभासद आहे का. गमबूट आणि जाकीट भाड्यात धरलं आहे का. आणि आजारी पडल्यास तिथून विमानानं हलवायचा खर्च विम्यात येतो का, कारण जहाजावर डॉक्टर असतो पण मोठं हॉस्पिटल समुद्रापलीकडं. शाकाहारी जेवणाची काळजी सोडा, वरण-भात मागितला की मिळाला, भाकरीची आठवण मात्र आली.

गुडघ्यांसाठी मी निघायच्या आधी दोन-तीन महिने शेडच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर रोज सकाळी चढउतार करत होते. बोटीतून पाय बाहेर टाकताना तोच सराव कामी आला. काठ्या जहाजावर मिळतात, न्यायची गरज नाही.

कधी जायचं हेही पुष्कळ जण विचारताहेत. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ आणि पाखरं घरटी मांडत असतात, पिल्लं नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल जास्त दिसतात आणि पिल्लं मोठी झालेली असतात. इवली पिल्लं बघायची असतील तर डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतच. त्या दिवसांत भाडं सगळ्यात चढं असतं, आणि मी तेच घ्यायला सांगेन.